बाळासाहेब खेर : सॉलिसिटर ते मुख्यमंत्री – लेखासाठी काही शंका

राजिवडा

एका वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी बाळासाहेब खेरांवर (बाळ गंगाधर खेर, जन्म रत्नागिरी, २४ ऑगस्ट १८८८, मृत्यू ८ मार्च १९५७) दोनेक हजार शब्दांचा लेख लिहायला घेतला आहे. छापील आणि जालावरची जी माहिती हाती लागली ती एकमेकींशी जुळत नाही. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

१) कुठे त्यांना बॅरिस्टर म्हटलंय, कुठे वकील, कुठे सॉलिसिटर. नक्की काय? आणि आजच्या वाचकाला तो फरक कसा समजवावा?

२) १९३७ साली ते ‘पंतप्रधान’ झाले की ‘मुख्यमंत्री’? निवडणूक वर्षाच्या सुरुवातीला आणि मंत्रिमंडळ थेट जुलैत, हे मधले महिने कुणाचे?

३) ‘खेरांनी केलेले कायदे’ अशा याद्या सापडतात, पण एकाच कायद्याची सालं दोन-दोन दिसतात. कोणतं धरायचं?

४) स्मरणिका असली तरी नुसती आरती ओवाळायची नाहीये. त्यांच्यावरची ठोस टीका कोणती?

जाणकारांनी हात द्यावा.

मोहर_पंधरा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : सॉलिसिटर. बॅरिस्टर नव्हेच. त्यासाठी लंडनच्या चार ‘इन्स’पैकी (बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांपैकी) एकीत नाव घालावं लागे. खेरांचं शिक्षण इथलंच. विल्सन कॉलेजातून १९०६ला बीए, संस्कृतसाठी भाऊ दाजी पारितोषिक, मग एलएलबी. त्यानंतर काही काळ ते मुंबई हायकोर्टाचे न्या. फ्रँक बीमन यांचे सहायक होते. बीमन यांची दृष्टी अधू होती, तेव्हा तिथे सहायकाचं काम केवळ नावापुरतं असणं शक्यच नव्हतं. १९१८ साली मणिलाल, खेर आणि कंपनी ही फर्म सुरू झाली, ती पुढे मणिलाल खेर अंबालाल आणि कंपनी म्हणून ओळखली गेली.

आता फरक. मुंबई हायकोर्टाच्या तेव्हाही दोन बाजू होत्या. जिल्ह्यांतून येणारी अपिलं अपेलेट साइडला. तिथे वकील अशिलाला थेट भेटे आणि तोच कोर्टात उभा राही. मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे मात्र ओरिजिनल साइडला थेट हायकोर्टात दाखल होत आणि तिथे दुहेरी पद्धत होती. अशिलाने जायचं सॉलिसिटरकडे. त्याने हकीकत उतरवून घ्यायची, कागद तारीखवार लावायचे, दावा किंवा कैफियत दाखल करायची, समोरच्याचे दस्तऐवज तपासायचे आणि सगळ्याचं ब्रीफ बांधून कौन्सिलकडे (कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे) धाडायचं. कौन्सिलची फी मोहरांत ठरे. मुंबईत एक मोहर म्हणजे १५ रुपये. कोर्टात बोलणार कौन्सिल, त्याच्याशी बसून नेमका कागद नेमक्या क्षणी पुढे करणार सॉलिसिटर. निकाल लागला की खर्चाचं बिल टॅक्सिंग मास्टरपुढे, आणि तो कलम न् कलम तपासून छाटणार. ही दुहेरी पद्धत १ जानेवारी १९७७ पासून कायद्याने बंद झाली. आज फर्मच्या पाटीवर ‘सॉलिसिटर्स’ दिसतं ते परंपरेने.

म्हणून ‘खेरांनी आपल्या वक्तृत्वाने हायकोर्ट गाजवलं’ छापाचं वाक्य लेखात येऊ देऊ नका. तो त्यांचा पेशाच नव्हता. मसुदा, पत्रव्यवहार, तडजोड आणि दुसऱ्याकडून काम करून घेणं हे त्यांचं शिक्षण. पुढे मुन्शी, मोरारजी, लठ्ठे अशा आपापल्या जागी दांडग्या माणसांचं मंत्रिमंडळ त्यांनी सव्वादोन वर्षं चालवलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पडताळा घ्यायचा असेल तर ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका घ्या. ओरिजिनल साइडच्या निकालात कौन्सिलची नावं युक्तिवादाच्या जागी असतात. अगदी शेवटी, बारीक टायपात, दोन्ही बाजूंच्या अटर्नींची, म्हणजे सॉलिसिटरांची. खेरांची फर्म तुम्हाला त्या शेवटच्या ओळीत भेटेल. वर शोधाल तर हात हलवत परत याल.

जाता जाता : डिजिटल शोधात ‘बाळ गंगाधर’ एवढंच टाकू नका. नाव तेच, जन्मगाव तेच. समोर टिळकच उभे राहतात.

कलम९३

दुसरा मुद्दा घेतो.

१९३५चा कायदा (‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट’) प्रांतांना १ एप्रिल १९३७ पासून लागू झाला. मुंबई प्रांतात दोन सभागृहं : असेंब्ली (खालचं) १७५ जागांची, कौन्सिल (वरचं) २९-३०. हे १७५ म्हणजे आजच्यासारखे सरसकट मतदारसंघ नव्हेत. सर्वसाधारण ११४ (त्यांतच दलितांसाठी १५ आणि मराठ्यांसाठी ७ राखीव), मुस्लिम २९, व्यापार-उद्योग ७, कामगार ७, स्त्रिया ६, युरोपियन ३, भारतीय ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन २, जमीनदार २, मागास जमाती १, विद्यापीठ १. बेरीज करून बघा, बरोबर येते. काँग्रेसला ८६ मिळाल्या. म्हणजे ‘प्रचंड बहुमत’ लिहू नका. सर्वांत मोठा पक्ष, पण निम्म्याला दोन-एक जागा कमी.

गव्हर्नरने विशेषाधिकार रोजच्या कारभारात वापरू नयेत, अशी हमी मिळाल्याशिवाय काँग्रेस सत्ता घ्यायला तयार नव्हती. म्हणून १ एप्रिलला सर धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ आलं. जमनादास मेहता त्यातच होते. जूनअखेर व्हाइसरॉय लिनलिथगोचं निवेदन झालं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला वर्किंग कमिटीने होकार दिला आणि १९ जुलै १९३७ला खेरांचं मंत्रिमंडळ आलं. तुमचे मधले महिने ते हे. काटेकोर बोलायचं तर १९३५च्या कायद्याखालचा मुंबईचा पहिला मुख्य मंत्री कूपर ठरतो. तेव्हा ‘सर्वांत मोठ्या पक्षाचे पहिले’ असं काही लिहा, निव्वळ ‘पहिले’ नको.

पदाचं म्हणाल तर १९३७ ते ३९ सरकारी कागदात ‘प्राइम मिनिस्टर’ आहे, मराठी वर्तमानपत्रांत ‘मुख्य प्रधान’ आणि ‘पंतप्रधान’ दोन्ही. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनुसार मुख्यमंत्री. लेखात पहिल्या उल्लेखाला ‘मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री)’ असं एकदा लिहून मोकळे व्हा. ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’ हे मात्र साफ चूक. तेव्हाच्या प्रांतात अहमदाबाद-सुरतही होतं आणि धारवाड-विजापूरही.

असेंब्लीतल्या काँग्रेस पक्षाच्या नेतेपदाची निवड मार्च १९३७ची. मुंबई शहरातलं ठळक नाव होतं के. एफ. नरिमन यांचं. निवड झाली खेरांची. आपल्याला डावलल्याचा आरोप नरिमन यांनी वल्लभभाईंवर केला, चौकशी गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी यांच्याकडे गेली, निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात लागला. मौलाना आझाद यांनी मात्र नंतर नरिमन यांच्यावर अन्याय झाला असंच लिहिलं. एवढं चार ओळींत सांगा. ‘खेरांनी पद बळकावलं’ याला आधार नाही, आणि ‘एकमुखाने, आनंदाने निवड झाली’ म्हणणंही खरं नाही.

मंत्री सातच : खेर, क. मा. मुन्शी (गृह), अण्णासाहेब लठ्ठे (अर्थ), मोरारजी देसाई (महसूल), डॉ. गिल्डर (आरोग्य, अबकारी), एल. एम. पाटील (स्थानिक स्वराज्य), एम. वाय. नुरी (बांधकाम). पगार दरमहा ५०० रुपये, घर आणि मोटारीचा भत्ता वेगळा. शिक्षण खातं खेरांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

नोव्हेंबर १९३९च्या सुरुवातीला राजीनामा. त्यानंतर कलम ९३ : कारभार गव्हर्नरच्या हाती. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘असेंब्ली बरखास्त झाली’. ती तेव्हा स्थगित होती, बरखास्त नव्हे. म्हणून तर दादासाहेब मावळंकर १९३७ ते १९४६ सलग अध्यक्ष दिसतात. नव्या निवडणुका १९४६च्या सुरुवातीला आणि खेरांचं दुसरं मंत्रिमंडळ मार्च-एप्रिलमध्ये. ते चाललं २१ एप्रिल १९५२ पर्यंत.

राजपत्र

तिसरा प्रश्न मोलाचा आहे, कारण स्मरणिकांचं वाटोळं याच ठिकाणी होतं.

मुंबईच्या कायद्याला दोन सालं असू शकतात. एक त्याच्या नावातलं, दुसरं क्रमांकाबरोबरचं. विधेयक मंजूर झालं की गव्हर्नरची, काही विषयांत त्याच्याही वरची संमती लागे. ती मिळून राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत वर्ष पालटलं की क्रमांक नव्या वर्षाचा पडे. बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट नावाने १९४६चा, पण १९४७चा अकरावा. खोती (कोकणात खोत हा मध्यस्थ कुळांकडून वसुली करी ती पद्धत) निर्मूलन कायदा नावाने १९४९चा, पण १९५०चा सहावा. दोन्ही बरोबर. लेखात नावातलं साल द्या आणि क्रमांक द्यायचा तर त्याच्या सालासकट द्या. दोन्हींची खिचडी केली की तो कायदा कुणालाच सापडत नाही.

तिसरी तारीख असते अंमलाची, तीही पुष्कळदा जिल्हावार. १९३९चा पहिला कूळकायदा आधी मोजक्या जिल्ह्यांत आला, सगळ्या प्रांतात १९४६मध्ये. म्हणजे त्या कायद्याने १९३९ साली सातारच्या कुळाला संरक्षण मिळालं असं लिहिताना थांबा, अधिसूचना बघा.

चौथी भानगड नावाची. २०१२ साली महाराष्ट्राने जुन्या कायद्यांच्या शीर्षकांतलं ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातलं. आज ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा’ म्हणतात तो खेरांच्या काळचा १९५०चा २९वा, ‘महाराष्ट्र पोलीस कायदा’ म्हणजे १९५१चा २२वा. जुन्या निकालांत शोधायचा तर जुन्या नावाने शोधा.

दुसऱ्या कारकिर्दीतले ठळक कायदे सांगतो. १९४७चा तुकडेबंदी कायदा : गुंठेवारीच्या भांडणात आजही तोच निघतो. १९४७चाच भाडेनियंत्रण कायदा : भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवलं. युद्धकाळातल्या टंचाईवर तोडगा म्हणून आलेली तरतूद मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालली, मुंबईतली पागडी आणि मोडकळीला आलेल्या चाळी त्यातून उभ्या राहिल्या. अर्थात या मुदतवाढी खेरांच्या माथी मारू नका. १९५२ नंतरची सगळी सरकारंही त्यांत आहेत. सावकारी कायदा १९४६, प्राथमिक शिक्षण कायदा १९४७, मंदिरप्रवेश कायदा १९४७, द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६. यातल्या शेवटच्याला आव्हान मिळालं तो नरसू अप्पा माळी खटला, न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१मध्ये कायदा उचलून धरला. निकाल १९५१चा, पण एआयआरमध्ये (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहात) छापला १९५२च्या खंडात, त्यामुळे इथेही दोन सालं दिसतील.

कूळकायद्याबद्दल एक सावधगिरी. १९४८चा कायदा (६७वा, अंमल २८ डिसेंबर १९४८पासून) खेरांच्या सरकारचा. त्याने कुळाने मालकाला द्यायच्या खंडाला कमाल मर्यादा घातली : बागायतीत पिकाचा चौथा हिस्सा, इतर जमिनीत तिसरा. पण कूळ जमिनीचा मालक मानला गेला तो १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, आणि ती तरतूद १९५६च्या दुरुस्तीने आली. तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी होते. ‘खेरांनी कुळांना जमिनी दिल्या’ हे वाक्य म्हणून चालत नाही. कृषक दिन उजाडण्याआधी तीन आठवडे खेर वारले होते.

सापड_आणि_खोत

चौथा मुद्दा. टीका तीन जागी ठोस आहे. बाकी बरीचशी पक्षीय धुळवड.

खोती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी याच असेंब्लीत खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला आणि शिष्टमंडळ खेरांना भेटलं. विधेयक काही पुढे गेलं नाही. खोती संपली १९४९च्या कायद्याने. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेल्या मुख्यमंत्र्याच्या पहिल्या कारकिर्दीत रत्नागिरीचाच सर्वांत जळता प्रश्न पडून राहिला, आणि सुटला तो त्याच माणसाच्या दुसऱ्या कारकिर्दीत. स्मरणिका रत्नागिरीची असेल तर हे टाळूच नका. लेखाचा कणा इथेच आहे असं माझं मत. त्याच पहिल्या कारकिर्दीत बार्डोलीसारख्या ठिकाणच्या सत्याग्रहींच्या जप्त जमिनी परत देण्याचा कायदा १९३८मध्ये झालाही होता. कशाला अग्रक्रम मिळाला ते एवढ्यावरून कळतं.

औद्योगिक कलह कायदा, १९३८. समेटाची ठरलेली प्रक्रिया पुरी होईपर्यंत संप बेकायदा, असं त्याचं सार. विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, मुंबईत एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला. सरकारची बाजू अशी की आधी बोलणी, मग संप. कामगारांचं म्हणणं, बोलण्यांच्या काळात मालक मोकळा आणि मजूर बांधलेला. दोन्ही बाजू एकेका वाक्यात द्या.

दारूबंदी. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९पासून. अबकारीचं उत्पन्न बुडणार म्हणून शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या १० टक्के कर बसवला आणि घरमालक हायकोर्टात गेले. कर टिकला. दुसऱ्या फेरीत १९४९चा दारूबंदी कायदा आला, एप्रिल १९५०पासून राज्यभर बंदी. २५ मे १९५१ला सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा गाभा राखला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरचे निर्बंध रद्द केले. मसुद्याची जाण असलेल्या मुख्यमंत्र्याच्या सरकारने कलोन वॉटर आणि पौष्टिक काढा दारूच्या व्याख्येत बसवला, हे टोचणारं आहेच. मात्र हट्ट मोरारजींचा आणि सही खेरांची असं सोपं चित्र रंगवू नका. दारूबंदी काँग्रेसच्या जाहीर कार्यक्रमातलीच होती.

राजिवडा

सर्वांचे आभार. ‘पहिले’ आणि ‘प्रचंड बहुमत’ दोन्ही खोडले. खोतीचा भाग मध्ये घेतो. आता दोनच गोष्टी : मूळ कागद कुठे बघावेत, आणि १९५२ नंतरचं किती लिहावं?

कलम९३

कागदांचं आधी. असेंब्लीत कोण काय बोललं यासाठी ‘बॉम्बे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली डिबेट्स’चे खंड, विधिमंडळ ग्रंथालयात. खंडाच्या सूचीत ‘खेर’ बघून थांबू नका. मंत्री म्हणून दिलेली प्रश्नोत्तरं विषयाखाली लावलेली असतात, त्यामुळे ‘शिक्षण’, ‘खोती’, ‘गिरण्या’ अशा शब्दांखाली शोधा. प्रांतिक सरकारच्या फायली एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. तिथे फाईल मागताना खातं, वर्ष आणि क्रमांक असे तिन्ही लागतात. म्हणून पहिला दिवस यादीच उतरवण्यात जातो हे धरून चला. खेरांची खासगी कागदपत्रं दिल्लीला, तीन मूर्तीच्या ग्रंथालयात. लेख दोन हजार शब्दांचा असेल तर दिल्ली सोडा, डिबेट्सचे दोन खंड पुरे : सप्टेंबर १९३७चा आणि औद्योगिक कलह विधेयकाचा.

तुरुंगवासाचीही एक ओळ द्या. १९३०, १९३२, वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ असा हिशेब आहे, १९४४मध्ये सुटका. १९३२ची शिक्षा दोन वर्षांची होती. चालती फर्म असलेल्या माणसासाठी ही किंमत लहान नव्हे.

मोहर_पंधरा

१९५२ नंतरचं दोनशे शब्दांत उरकेल, पण त्यात भाषा आयोग हवाच.

लंडनला उच्चायुक्त १९५२ ते ५४. १९५४ साली पद्मविभूषण, पहिल्याच यादीत. त्या वर्षी पद्मविभूषणाचेच तीन वर्ग होते आणि खेरांना ‘पहिला वर्ग’ मिळाला. पद्मभूषण-पद्मश्री ही नावं १९५५ची. म्हणून जुन्या बातमीत ‘पद्मविभूषण, पहिला वर्ग’ दिसलं तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

१९५५मध्ये राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. अहवाल १९५६चा : हिंदीकडे टप्प्याटप्प्याने जावं या बाजूचा, सुनीतिकुमार चॅटर्जी आणि पी. सुब्बरायन यांच्या भिन्नमतपत्रिकांसह. या कामावरून आजही दक्षिणेत त्यांचं नाव निघतं, महाराष्ट्रात मात्र ते विस्मरणात गेलं आहे.

शिक्षणाचा धागा इथेच जोडता येईल, कारण तो आयुष्यभराचा. १९३८मध्ये वर्धा योजनेच्या (हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेच्या) तपासणीसाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेली समिती खेरांच्या अध्यक्षतेखाली होती. पुढे शिक्षणाच्या खर्चाचा विचार करणारी समितीही त्यांचीच. केंद्राने उत्पन्नाच्या १० टक्के आणि प्रांतांनी २० टक्के शिक्षणावर घालावेत ही तिची शिफारस. पुणे विद्यापीठ (१० फेब्रुवारी १९४९), गुजरात, कर्नाटक आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही चारही याच कारकिर्दीतली. गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान आणि चारशेवर एकर जागा पुणे विद्यापीठाला मिळाली तीही खेर सरकारकडूनच. पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. हे मात्र खरोखर बॅरिस्टर, तेव्हा इथे तो शब्द बिनधास्त वापरा.

स्थळांची चौकट करणार असाल तर मलबार हिलवरचा जुना रिज रोड म्हणजे आताचा बा. गं. खेर मार्ग, आणि वांद्रे पूर्वेचं खेरनगर. दोन्ही मुंबईतली.